'गाडी उशिरा उचलते', असे ताई आठ महिने सांगत होत्या

'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?' हे वाक्य आपल्याकडे शहाणपणाचे समजले जाते. आम्हीही ते कितीतरी वेळा म्हटले आहे. आमच्या छोट्या संस्थेच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीने या वाक्याची किंमत आम्हाला दाखवून दिली. हा लेख त्या गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल आहे. सामाजिक कामाच्या लोकांनी गिअरबॉक्सवर का लिहावे, असे काहींना वाटेल. ज्या वस्तूवर आपले काम उभे असते, ती वस्तू कशी चालते हे आपल्याला माहीत नसेल तर आपण कोणाच्याही सांगण्यावर विसंबून राहतो. आमचे तसेच झाले, म्हणून लिहितो आहोत.

आमची गाडी २०१० सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक, चार गिअरची ऑटोमॅटिक. २०१७ मध्ये ती आम्ही जुनी घेतली तेव्हा मीटरवर ६८ हजार किलोमीटर होते. 'संस्थेला ऑटोमॅटिक कशाला? ही चैन नाही का?' असे एका देणगीदाराने विचारले होते. त्यांना जे उत्तर दिले तेच इथे देतो. आमच्या ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, त्यांचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. त्या कॅलिपर लावून चालतात. उजवा पाय धडधाकट आहे. क्लच डाव्या पायाने दाबावा लागतो, म्हणून तीन पेडलची गाडी त्यांना चालवता येत नाही. ऑटोमॅटिक गाडीत ॲक्सिलरेटर आणि ब्रेक अशी दोनच पेडल असतात आणि दोन्ही उजव्या पायाने चालतात. म्हणजे जी गोष्ट कोणाला चैन वाटते, ती ताईंसाठी गाडी चालवता येणे आणि न येणे यातला फरक आहे.

आमचे काम निराधार पेन्शनचे अर्ज, दिव्यांग प्रमाणपत्रे, शिष्यवृत्तीची अडलेली प्रकरणे असे असते. वैजापूर, कन्नड, सिल्लोड, कधी घाट उतरून चाळीसगाव. गाडी येण्यापूर्वी ताई कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जायच्या आणि ज्याची गाडी त्याच्या वेळेने परत यायच्या. गाडी आल्यावर त्या स्वतः ठरवू लागल्या की आज कुठे जायचे आणि किती वाजता निघायचे. आमच्या नव्वद टक्के फेऱ्यांमध्ये स्टिअरिंगवर त्याच असतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये ताईंनी पहिल्यांदा सांगितले, "सकाळी डी मध्ये टाकल्यावर गाडी लगेच उचलत नाही. दोन सेकंद नुसती थांबते, मग झटका देऊन निघते." आम्ही ऐकले आणि सोडून दिले. महिन्याभराने त्या म्हणाल्या, "दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी वाढत नाही." यावर आमच्यापैकी एकाने, जो स्वतः कधीतरीच गाडी चालवतो, दुपारी चार वाजता बाजारापर्यंत एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "काही नाही ताई, तुम्ही फार जपून चालवता म्हणून तसं वाटतं."

या निकालात काय चुकले ते नीट पाहा. तक्रार होती सकाळच्या थंड गाडीची, तपासणी झाली दुपारच्या तापलेल्या गाडीची. तक्रार करणारी व्यक्ती रोज साठ-सत्तर किलोमीटर गाडी चालवणारी, तपासणारा महिन्यातून दोनदा चालवणारा. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. निरीक्षण कोणी केले, केव्हा केले, कोणत्या स्थितीत केले, हे विचारल्याशिवाय निष्कर्ष मानायचा नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर आम्ही ते पाळतो. पण एक अपंग बाई गाडीबद्दल काही सांगते आहे म्हटल्यावर ते सगळे शिक्षण आम्ही बाजूला ठेवले. तीच तक्रार एखाद्या पुरुष ड्रायव्हरने केली असती तर आम्ही आठ महिने थांबलो असतो का? नसतो. हे कबूल करूनच पुढे जातो.

मे २०२२. ताई दोन सहकारी महिलांसोबत चाळीसगावहून परत येत होत्या. कन्नडच्या घाटात एक ट्रक बंद पडलेला. चढावर दीड तास एकेक गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. बाहेर उन्हाचा कहर, आत एसी चालू. अर्धा घाट चढल्यावर ताईंनी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडले आणि गाडी जागची हलली नाही. पुन्हा दाबला, तेच. त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली आणि आम्हाला फोन केला. आम्ही पोहोचेपर्यंत अंधार होणार होता. एका टेम्पोवाल्या दादाने त्यांना खाली थांबू नका म्हणून केबिनमध्ये जागा दिली. टेम्पोची पायरी उंच. ताईंना दोघांनी धरून उचलून वर बसवावे लागले. त्या दादाचे आम्ही आभारी आहोत. पण कोणीतरी उचलून गाडीत बसवणे ही गोष्ट ताईंनी २०१७ साली मागे टाकली होती. ती आमच्या दुर्लक्षामुळे परत आली.

गाडी ओढून नेताना आणखी एक प्रसंग घडला. टोचनवाला दोरी बांधून चारी चाकांवर गाडी ओढायला निघाला होता. ताईंनी फोनवरून सांगितले, "पुढची चाकं उचलूनच न्यायची, नाहीतर नेऊ नका." कारणही सांगितले. गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना पुढची चाके फिरली, तर आतले भाग तेलाशिवाय एकमेकांवर घासतात. हे त्यांना कुठून कळले? गाडीच्या कप्प्यात पडलेल्या मॅन्युअलमधून. पाच वर्षांत ते पुस्तक आमच्यापैकी फक्त त्यांनीच वाचले होते. जुनी ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही त्याचेही कारण हेच. इंजिन फिरत नाही तोवर पंपाचा दाब तयार होत नाही, आणि दाब नाही तर चाके व इंजिन यांची जोडणीच होत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरवर गेली. तिथे सांगितले, "हा गिअरबॉक्स आम्ही उघडत नाही. पूर्ण बदलावा लागेल. एक लाख पस्तीस हजार." आम्ही विचारले, तेल बदलून पाहता येणार नाही का? उत्तर मिळाले, "यातलं तेल लाइफटाइम असतं, बदलायचं नसतं." बाहेर रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने वेगळे सांगितले, "तेलाला हात लावू नका. एवढ्या चाललेल्या गाडीचं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतोच. मी स्वतः पाहिलंय. आहे तशी विकून टाका." एकाकडे कागद, दुसऱ्याकडे अनुभव. दोघांचे म्हणणे शेवटी एकच, तेल बदलू नका. आता या दोन्ही मुद्द्यांचा विचार करू.

पहिला मुद्दा, लाइफटाइम तेल. हे समजण्यासाठी आधी आत काय चालते ते पाहावे लागेल. आमच्या गाडीसारख्या पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांची कल्पना करा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे हवेच्या जागी तेल असते. इंजिन एका बाजूची पाती फिरवते, ती तेल फेकते, त्या तेलाने दुसऱ्या बाजूची पाती फिरतात. जर्मन अभियंते हर्मन फोटिंगर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कल्पना जहाजांसाठी मांडली. पुढे जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये हायड्रामॅटिक हा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स दिला. त्यातही इंजिनची शक्ती अशीच तेलातून पुढे जात होती.

म्हणजे हे तेल इंजिन ऑइलसारखे नुसते वंगण नाही. ते इंजिनची शक्ती पुढे पोहोचवते. व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या चक्रव्यूहासारख्या धातूच्या तबकातून दाबाने वाहत ते क्लच दाबते आणि सोडते, म्हणजे गिअर बदलते. आतली उष्णता ते बाहेर वाहून नेते. आणि क्लचच्या चकत्यांनी किती घसरावे, किती पकडावे, हेही त्यातल्या रसायनांवर ठरते. चार कामे एकच तेल करते. ते तापते, त्यातली रसायने संपतात, त्यात चकत्यांची झिजलेली भुकटी मिसळते. या धंद्यात एक ढोबळ हिशेब सांगतात: साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर तेलाचे तापमान दर ११ अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. घाटात दीड तास सरकणाऱ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत असतो आणि त्या घसरण्याची सगळी उष्णता तेलात जाते. मग लाइफटाइम म्हणजे कोणाचे आयुष्य? तेलाचे, गिअरबॉक्सचे, वॉरंटीचे की पहिल्या मालकाचे? आम्ही तिसरे मालक. आमच्यासारख्यांचा विचार त्या शब्दात नाही. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी तेल बदलण्याचे वेगळे, कमी अंतराचे वेळापत्रक दिलेले असते. प्रचंड ऊन, घाट, रांगेतली वाहतूक, धूळ हे सगळे त्यात येते. आपल्या मराठवाड्यात यापेक्षा वेगळा वापर होतो तरी कुठे? आणि गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ ही कंपनी आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांत बदलायला सांगते. बनवणाराच बदला म्हणत असेल, तर लाइफटाइम या शब्दावर किती विश्वास ठेवायचा ते वाचकांनी ठरवावे.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे, कारण तो अनुभवातून आलेला आहे. तेल बदलले आणि गिअरबॉक्स बसला, असे त्या गॅरेजवाल्याने खरोखर पाहिले असेल. तो खोटे बोलत होता असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याच्याकडे तेल बदलायला गाड्या येतात कधी? गाडी घसरू लागल्यावर, झटके देऊ लागल्यावर. चकत्या आधीच संपलेल्या असतात. जुन्या तेलात मिसळलेल्या भुकटीमुळे त्यांना थोडीफार पकड मिळत असते. नवे स्वच्छ तेल आले की ती पकडही जाते आणि लपलेली झीज उघडी पडते. गिअरबॉक्स मेला तो दुर्लक्षाने, आणि नाव आले तेलावर.

हा तर्क आम्हाला ओळखीचा वाटला. गावागावांत आम्ही ऐकतो, 'मोठ्या दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही.' आम्ही लोकांना समजावतो की बाबांनो, तुम्ही माणूस शेवटच्या घटकेला नेता, म्हणून परत येत नाही. लवकर न्या. दवाखान्याच्या बाबतीत जी गल्लत आम्ही रोज लोकांना दाखवून देतो, तीच गल्लत गाडीच्या बाबतीत आम्ही निमूटपणे स्वीकारायला निघालो होतो. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींपैकी पहिली दुसरीचे कारण असतेच असे नाही. हे सांगायला एम.ए. लागत नाही. आपल्याच गरजेच्या वेळी ते आठवायला मात्र कोणीतरी लागते.

आम्हाला ते आठवून दिले एका मिस्त्रींनी. चिकलठाण्याच्या बाजूला त्यांचे छोटे शेड आहे आणि ते फक्त ऑटोमॅटिकचेच काम करतात. त्यांनी बोनेट उघडण्यापूर्वी प्रश्न विचारले. त्रास थंड गाडीला की गरम? कोणत्या गिअरला? रिव्हर्सला पण उशीर होतो का? खाली डाग पडतो का? आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. ताईंनी पर्समधून वही काढली. तारीख, वेळ, मीटर, त्रास. आठ महिन्यांच्या नोंदी. मिस्त्री ती वही वाचत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ही वही तुम्ही ऑक्टोबरात घेऊन आला असतात तर काम तीन हजारात झालं असतं." आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही.

तपासणीत निघाले ते असे. रेडिएटरकडे जाणारी तेलाची एक रबरी नळी पाझरत होती. थेंबाथेंबाने जवळपास लिटरभर तेल कमी झाले होते. तेल कमी, त्यात तापलेले, आणि गाडी चढावर. पंपाने तेलाबरोबर हवा ओढली, दाब पडला, क्लच पकडेनात. उरलेले तेल काळपट आणि जळकट वासाचे होते. तरी मिस्त्री म्हणाले, आधी चेंबर उघडू, मग ठरवू. चेंबरच्या तळाशी लोहचुंबक असतात, झिजलेला धातू त्यांना चिकटतो. करडी, मलमासारखी बारीक पेस्ट असेल तर ती वयाप्रमाणे झालेली झीज. चमकणारे तुकडे, कपच्या निघाल्या तर आतले काहीतरी तुटले आहे, मग तेलावर पैसे घालवू नयेत. आमच्या चुंबकांवर पेस्ट जाड होती, पण तुकडे नव्हते.

मग काम सुरू झाले. मशीन लावून एकदम सगळे तेल बदलायला मिस्त्रींनी नकार दिला. एवढ्या चाललेल्या गाडीत दाबाने तेल ढकलले तर वर्षानुवर्षे कोपऱ्यात बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो, असे त्यांचे म्हणणे. मशीनचे समर्थन करणारेही जाणकार आहेत, पण झीज झालेल्या जुन्या गाडीसाठी सावध मार्ग आम्हाला पटला. खालचा बोल्ट काढला की सगळे तेल येत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. आमच्या गाडीत एकूण साधारण साडेसहा लिटर, त्यातले एका वेळी जेमतेम तीन लिटर बदलता येते, म्हणजे ४५ टक्के. उरले ५५ टक्के जुने. तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा बदलले की जुने ३० टक्के. तिसऱ्यांदा बदलले की १७ टक्के. तीन हप्त्यांत तेल हळूहळू नवे झाले आणि गिअरबॉक्सला एकदम धक्का बसला नाही. सोबत फिल्टर, चेंबरचे पॅकिंग, ती नळी आणि एक सोलेनॉइड बदलले.

रेडिएटरही बदलायला लावला. आम्ही विचारले, त्याचा काय संबंध? आमच्या गाडीत गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी छोटी नळी रेडिएटरच्याच टाकीत असते. बारा वर्षांच्या रेडिएटरमध्ये ती आतून फुटली, तर कूलंट आणि तेल एकत्र होऊन गुलाबी दुधासारखा द्रव तयार होतो आणि क्लचच्या चकत्यांचे अस्तर सुटून येते. जुन्या ऑटोमॅटिकची काळजी म्हणजे तिच्या थंड राहण्याची काळजी, हे वाक्य मिस्त्रींचे. एकूण खर्च ३१ हजार रुपये.

गाडी नवी झाली का? नाही. सकाळचा उशीर अजूनही सेकंदभर आहे. "जे झिजलं ते झिजलं, तेलाने परत येत नाही," हे मिस्त्रींनी आधीच सांगितले होते. आम्ही वेळेवर गेलो असतो तर तो सेकंदही वाचला असता.

घरी येऊन आम्ही संस्थेचे खर्चाचे रजिस्टर काढले. पाच वर्षांत इंजिन ऑइल अकरा वेळा. टायर दोनदा. सीट कव्हर एकदा. दारांवर संस्थेचे नाव रंगवून घेतले दोनदा. गिअरबॉक्सच्या नावाने एक रुपया नाही. दर ४० हजारांना तीन लिटर तेल बदलायला तेव्हा मजुरीसकट तीन हजार लागले असते. ६८ हजारांपासून घाटातल्या त्या दिवसापर्यंत, म्हणजे १ लाख ५४ हजारांपर्यंत, दोनदा. सहा हजार वाचवायला आम्ही ३१ हजार घालवले, आणि ताईंना टेम्पोत उचलून चढवावे लागले ते वेगळेच. त्याचा आकडा रजिस्टरमध्ये मांडता येत नाही.

ज्यांच्याकडे अशी बरीच चाललेली ऑटोमॅटिक आहे, त्यांना काही गोष्टी सांगतो. सगळ्यात आधी आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे ते शोधा. २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे स्वस्त गाड्यांत एएमटी आली. तो मुळात साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलते. त्याचे तेल वेगळे, दुखणी वेगळी. सीव्हीटीमध्ये पट्टा किंवा साखळी असते, तिला तिचेच खास तेल लागते, दुसरे घातले तर नुकसान होते. 'लाल तेल सगळं सारखंच' असे सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नका. लाल रंग ओळखण्यासाठी घातलेला असतो, तो गुणवत्तेचा पुरावा नाही. डब्यावरचा दर्जा आणि मॅन्युअलमधला दर्जा एकच आहे का ते स्वतः वाचून पाहा.

तेलाची पट्टी असेल तर महिन्यातून एकदा पाहा. इंजिन गरम की थंड, चालू की बंद ठेवून पाहायचे, हे गाडीगणिक बदलते, म्हणून मॅन्युअल उघडा. पट्टी नसेल तर गाडी उभी राहते तिथे जमिनीवर पुठ्ठा टाकून ठेवा, लाल-तपकिरी डाग लगेच दिसतो. तेल काढले की ते मापात मोजायला सांगा. कमी जितके वाईट तितकेच जास्तही वाईट, कारण जास्त तेलाला फेस येतो आणि फेसाने दाब पडतो. आमच्यासारख्या वापरात ४० ते ६० हजारांच्या दरम्यान तेल बदलावे, आणि तक्रार सुरू होण्याआधी बदलावे. झटका बसला म्हणजे गिअरबॉक्सच गेला असेही समजू नका. इंजिनखालची रबरे खराब झाली, बॅटरी मरायला आली, तरी झटके बसतात. आधी स्कॅनर लावून तपासायला सांगा.

चालवताना गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डी मधून आर मध्ये टाकू नका. उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक ओढा, मग पी मध्ये टाका, नाहीतर गाडीचा सगळा भार आतल्या एका छोट्या खिट्टीवर येतो. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी रोखून धरू नका, ब्रेक दाबा. घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा मोह टाळा, खालचा गिअर लावा. घाटात मोठा खोळंबा झाला तर हँडब्रेक ओढून न्यूट्रलला थांबा, समोर जागा होऊ द्या आणि मग एकदम पुढे जा. वीतवीत सरकण्याने तेल शिजते.

एवढे सांगूनही मुख्य गोष्ट राहतेच. ऑटोमॅटिक गाडी आपली झीज लपवते. साध्या गाडीत क्लच घासला की पायाला कळते, गिअर अडकला की हाताला कळते. इथे यंत्रच दाब वाढवून, वेळ बदलून झीज सांभाळून घेते आणि चालवणाऱ्याला फक्त एक सेकंदाचा उशीर जाणवतो. तो सेकंद रोज चालवणाऱ्या माणसालाच कळतो. मालकाला कळत नाही, हिशेब पाहणाऱ्याला कळत नाही, महिन्यातून दोनदा चक्कर मारणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून देखभालीचा पहिला नियम असा की जो चालवतो त्याला विचारा आणि त्याने सांगितलेले लिहून ठेवा. शाळेची बस असो, रुग्णवाहिका असो की एखाद्या संस्थेची खटारा गाडी, स्टिअरिंगवर बसणाऱ्याचे म्हणणे ही पहिली तपासणी असते. स्टिअरिंगवर बसणाऱ्याला आपल्याकडे पगारात आणि मानात खाली ठेवले जाते, म्हणूनच त्याचे ऐकले जात नाही. मग दुरुस्तीचे बिल मोठे येते आणि आपण यंत्राला दोष देतो.

आमच्या संस्थेत आता बदल झाला आहे. वार्षिक खर्चाच्या अंदाजात गिअरबॉक्सची वेगळी ओळ आहे. गाडीच्या दुरुस्तीचा निर्णय ताई घेतात, मंजुरीसाठी कोणापुढे उभे राहत नाहीत. ती वही आता पर्समधून निघून गाडीच्या कप्प्यात मॅन्युअलशेजारी आली आहे आणि गाडी नेणारा प्रत्येक जण तीत लिहितो.

आज मीटरवर २ लाख ११ हजार किलोमीटर आहेत. शेवटचे तेल १ लाख ९४ हजारांना बदलले, तेव्हा चुंबकांवर बारीक पेस्ट होती, तुकडे नव्हते. ताईंनी वहीत पुढचा आकडा लिहून ठेवला आहे: २ लाख ३४ हजार. त्याचे पैसे आम्ही आत्ताच बाजूला काढून ठेवले आहेत.